मी हो म्हटलं ती भिंत

त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणू नये की म्हातारीनं मनानं रचलं. तपासणीला आलेले तीन जण होते, दोन साहेब अन् एक बाई. कॉलेजचे मोठे सर होते. संस्थेचे मालक भाऊ होते, दाराजवळच्या खुर्चीत, मोबाइल कानाला लावून. चहा देणारा शिपाई होता. फोटो काढणारा होता. घरं आतून सजवायचं शिकणारी चौदा पोरं होती, दहा मुली अन् चार मुलगे, सगळ्यांच्या अंगात सारखे काळे टी-शर्ट. त्यांना शिकवणारी मॅडम होती. अन् मी होती, भिंतीच्या शेजारी पाटावर. रिकामी खुर्ची होती, पण मोठे सर म्हणाले, आजी, पाटावर बसा, फोटोत बरं दिसतं. मी बसली.

आता मी कोण. नशिराबादजवळ एका खेड्यात हायवेला लागून माझं घर आहे. घर म्हणजे निम्मं घर. रस्ता रुंद केला तेव्हा ओटा अन् पुढची खोली गेली, मागचं राहिलं. मातीच्या भिंती अन् वर धाबं. लाकडावर काड्या अंथरून वर पांढरी माती थापली की जे सपाट छप्पर होतं, त्याला आमच्याकडं धाबं म्हणतात. माहेर माझं धुळ्याकडचं, म्हणून बोलणं अहिराणी, पण इतकी वर्षं इकडं राहून तोंडाला दोन्ही वळणं पडली. शाळा चौथीपर्यंत. नवरा विहिरीच्या कामावर गेला तो विहिरीतच राहिला. तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता अन् मुलगी अंगावर पीत होती. मुलगी त्याच उन्हाळ्यात गेली. मग मी जळगावात बांधकामावर जायला लागली. वीस-बावीस वर्षं सिमेंटचं घमेलं डोक्यावर वाहिलं. पायाच्या बोटांमधली कातडी सिमेंटनं खाल्ली, पावसाळ्यात अजून तिथून पाणी सुटतं. मुलगा आता सुरतला आहे. फोन करतो. एकदा आला तेव्हा म्हणाला, आई, हे मातीचं पाडून टाक, मित्रांना आणायची लाज वाटते. मी म्हटलं, मी मेल्यावर पाड.

मॅडमची अन् माझी ओळख त्या घरामुळंच झाली. रस्त्यासाठी घर कापलं तेव्हा मधली भिंत उघडी पडली. हातभर जाड भिंत, तिच्या आतलं सगळं दिसायचं, माती, भूस, मधेच एखादा खापराचा तुकडा. ते उघडं तोंड मी दरवर्षी होळी झाली की लिंपायची. एकदा सकाळी लिंपत होती तर मागं एक स्कूटी थांबली.

"आजी, फोटो काढू का?"

"माझा का भिंतीचा?"

"भिंतीचा."

"मग भिंतीला विचार."

ती हसली, खाली उतरली अन् फोटो काढायचा सोडून घमेल्यातली माती बोटानं उचलून नाकाशी नेली. तोंडातून निघून गेलं तिच्या, "हाई माती कोठली शे?" मी वळून पाहिलं. अंगात जीन्स, गळ्यात कॉलेजचं कार्ड, अन् बोलणं माझ्या माहेरचं.

"तू कोठली व माय?"

"धुयानी." म्हणजे धुळ्याची.

"मंग बठ ना. उनमा काबर उभी शे?"

चहा पिता पिता तिनं सांगितलं. जळगावच्या एका कॉलेजात ती पोरांना शिकवते, घराच्या आतलं कसं करायचं ते. त्यात तिनं एक नवा विषय आणलाय. पोरं त्याला सस्टेनेबल म्हणतात. म्हणजे घर असं करायचं की आज आपल्याला सोय अन् पुढच्याला त्रास नको. माती वापरा, जुनं लाकूड पुन्हा वापरा, वारा कुठून येतो ते पाहून खिडकी काढा, प्लास्टिक कमी करा.

"म्हणजे आमच्यासारखं गरिबासारखं राहायचं," मी म्हटलं.

"नही आक्का. शाना मानोससारखं."

मला ते आवडलं. तिथंच मी फसली म्हणा.

ती कायम नोकरीत नव्हती. तासावर शिकवायची, दर जूनला नवा कागद मिळायचा तेव्हा नोकरी पुढं जायची. मोठ्या सरांनी तिला सांगून ठेवलं होतं, वर्षाच्या शेवटी तपासणी आहे, त्यात तुमच्या विषयाचं डोळ्याला दिसेल असं काही दाखवा. दिसलं तर विषय राहील, विषय राहिला तर तुम्ही राहाल. तिच्या मनात वर्गातली एक आख्खी भिंत मातीनं लिंपायची होती, पोरांच्या हातून. अन् पोरांना शिकवायला तिला मी पाहिजे होती.

पहिल्या दिवशी मॅडम मला स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेली. थंड हवेची खोली. पोरं उभी राहिली, मला उगाच धाकधूक झाली. माझ्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. मॅडमनं पोरांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, शेण आणा. एका मुलीनं खोकं आणलं. त्यावर चकचकीत कागद, आत सहा गोवऱ्या, एकेकीला वेगळी पिशवी. मोबाइलवरून मागवलेल्या.

"आजी, पाण्यात भिजवल्या की चालतील ना?"

"पोळी भिजवली की कणीक होते का?" मी विचारलं. "ओलं शेण लागतं, बाई. तुमच्या फाटकासमोर तीन गाई बसल्यात. त्यांना ओलांडून तू हे खोकं वर आणलंस."

"आजी, त्या गाई ऑनलाइन नाहीत," मागून एक उंच पोरगा म्हणाला अन् सगळी हसली. मी पण हसली. ती खोक्यावाली मात्र बिचारी खाली गेली अन् पाटीभर शेण घेऊन वर आली, नाक धरून. तिला मी पहिल्याच दिवशी पास केलं.

पोरांनी हातमोजे घातले होते. मी म्हटलं, काढा ते. माती किती ओली आहे ते मोज्याला कळत नाही. एकीची नखं लांब, रंगवलेली. "आजी, कालच केलीत." मी म्हटलं, मग तू पायानं तुडव. दुसऱ्या दिवशी ती नखं कापून आली.

तो उंच पोरगा फार प्रश्न करायचा. "आजी, दरवर्षी लिंपायची कटकट कशाला? वरून वॉटरप्रूफ मारून टाकू."

"तुझ्या तोंडाला पिशवी बांधली तर तुला सर्दी होणार नाही."

"पण मग मी मरेन ना."

"हां. भिंत पण तशीच मरते. आत ओल कोंडली की आतून सडते."

त्यानं ते वहीत लिहिलं. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं होतं, पण ती शिकवायची ते शिव्या देऊन, कामात चुकलं की ओल्या हाताची चापट. तिच्या शिव्या तेवढ्या वगळून बाकीचं चौदा वह्यांमध्ये उतरत होतं. मला त्याचं बरं वाटायचं अन् वाईट पण वाटायचं. जन्मभर ज्या घरापायी माणसं आम्हाला खाली पाहायची, त्याचा इथं विषय झाला होता, त्याला मार्क होते.

एप्रिलमध्ये मॅडमनं सगळ्यांना माझ्या घरी आणलं, भर दुपारी. आधी शेजारच्या स्लॅबच्या घरात बसवलं. पंखा चालू होता, तरी पोरं पाच मिनिटांत घामानं निथळली. मग माझ्या निम्म्या घरात आणलं. पंखा नाही. पोरं भिंतीला पाठ लावून बसली अन् हळूहळू गप्प झाली. तो प्रश्न करणारा तर भुईवर आडवा होऊन झोपून गेला. मॅडम कोणाला काही समजावत बसली नाही. एवढंच म्हणाली, हे आठवणीत ठेवा. तिची शिकवायची रीत मला पटली.

त्या पोरांत एक मुलगी पिंपळनेरकडची होती. माती तुडवताना मी तिचे पाय पाहिले. बाकीची पोरं चिखलात नाचल्यासारखी करायची, ही टाच दाबून, पाय फिरवून उचलायची.

"तुझे पाय शिकलेले आहेत," मी हळूच म्हटलं.

ती लाजली. "आजी, कोणाला सांगू नका. आमचं घर कुडाचं आहे. शेणामातीनं लिंपलेलं. मीच लिंपते."

"यात सांगू नये असं काय आहे?"

"तुम्ही आजी आहात. तुम्हाला चालतं," ती म्हणाली.

आता मातीचं सांगते, कारण सगळं तिथं बिघडलं. आमच्या गावात पडकी गढी आहे, तिची पांढरी माती भिंतीला चांगली. काळी माती सुकली की फाटते, ती चालत नाही. ही माती टेम्पोत घालून आणली अन् कॉलेजच्या मागं, गाड्या लावतात तिथं विटांचं कुंड करून त्यात टाकली. त्यात गव्हाचं भूस, शेण अन् पाणी. मग ती पंधरा दिवस कुजू द्यायची, रोज तुडवायची. कुजली की तिला वास सुटतो, चांगलाच सुटतो. ते भूस गळतं, माती लोण्यासारखी होते, अन् मग ती भिंतीला धरते. न कुजलेली माती भिंतीवर राहत नाही. याला दुसरा रस्ता नाही. मी मॅडमला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अन् तिनं तारखा मोजून, तपासणीच्या आधी पंधरा दिवस कुजायला अन् पाच दिवस लिंपून वाळायला, असं सगळं बसवलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही मागं गेलो तर कुंडातून दवाखान्यासारखा वास. वर पांढरं पाणी. शिपाई खराटा घेऊन उभा होता, त्यानं आम्हाला पाहून हात वर केला.

"वास गेला का नाही, आक्का?"

"काय टाकलं यात?"

"फिनेल. काल वर मीटिंग होती. भाऊंना वास आला. म्हणाले, खाली काहीतरी मेलंय, बघ. मी पाहिलं तर हे. आख्खा डबा ओतला. दोन डबे ओतले."

त्याचा काही दोष नाही. त्याला वाटलं, त्यानं आमचं काम केलं. कुजायचं असतं ते शेणातल्या बारीक जिवांमुळं, अन् फिनेल तेच मारायला असतं, हे त्याला कोण सांगणार? पिंपळनेरकडची मुलगी कुंडाच्या काठावर बसून रडायला लागली. मॅडम रडली नाही. ती सरळ मोठ्या सरांकडं गेली. मी दाराबाहेर उभी होती. सर ओरडले नाहीत, ते कधी ओरडायचेच नाहीत. म्हणाले, "मॅडम, ज्या विषयाचा वास येतो तो मी तपासणीत कसा दाखवू?"

"सर, तपासणी आठ दिवस पुढं ढकलता आली तर—"

"तपासणी तुमच्या चिखलाला विचारून येत नाही."

इथं माझी पहिली चूक. दहा दिवस राहिले होते. मॅडमनं मला विचारलं, आक्का, नवी माती आणून चार दिवसांत लावली तर? मला माहीत होतं की राहणार नाही. पण तिचं तोंड पाहून मी म्हटलं, बघू. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पोरांनी भिंतीचा रंग खरवडून काढला, हातांना फोड आले. नवी माती लावली. दोन दिवस भिंत काय सुंदर दिसली! तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं अन् चौथ्या दिवशी दुपारी, वर्ग भरलेला असताना, पापडासारखी सुटून खाली आली. आम्ही झाडून घेतलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी दोन माणसं मोठी गुंडाळी घेऊन आली. मागं चिकट असलेला प्लास्टिकचा कागद. त्यावर छापलेली मातीची भिंत. त्यात भूस दिसत होतं, बोटांचे फराटे दिसत होते, बारीक भेगा पण होत्या. वरून हात फिरवला तर थोडं खरखरीत लागायचं. वास नव्या चपलेचा. दोन तासांत ती भिंत तयार झाली. मोठे सर आले, कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"पाहा मॅडम. पडत नाही, वास नाही."

"सर, हे प्लास्टिक आहे. आपला विषयच—"

"उद्यापुरतं. परवा काढून टाका."

मॅडमच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, अन् मी विचारलं पण नाही. ही दुसरी चूक.

तिसरी चूक दुसऱ्या दिवशी सकाळची. मी जिन्यापाशी बसली होती. मोठे सर माझ्याजवळ आले, पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस माझ्या बरोबरीनं पायरीवर.

"आजी, मॅडम हुशार आहेत. पण डोकं गरम आहे."

"हो साहेब."

"आज कोणी विचारलं तर तुम्ही म्हणा, भिंत मातीची आहे, मी लिंपली. म्हणजे त्यांची नोकरी वाचेल. तुमच्या हातात आहे आजी."

"हो साहेब."

हे मी मॅडमला जाऊन सांगितलं नाही. वाटलं, कशाला तिचा जीव घाबरा करायचा. आपण गपचूप तिचं भलं करू.

अकराच्या सुमाराला तपासणीचे तिघं आले. चहा झाला. त्यातल्या चष्म्यावाल्या साहेबांनी मोठ्या सरांना विचारलं, "हे सगळं मुलांनी केलं?"

"मुलांनी अन् या आजींनी. शंभर टक्के नैसर्गिक."

तेवढ्यात मॅडम बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "नाही सर. ही मातीची भिंत नाही. हा प्लास्टिकचा कागद आहे, काल चिकटवलाय. मुलांची माती मागं कुंडात आहे. तिच्यात फिनेल ओतलं गेलं, म्हणून भिंत झाली नाही. मुलं काय शिकली ते बघायचं असेल तर कुंड बघा, त्यांच्या वह्या बघा. ही भिंत बघू नका."

भाऊंनी कानाचा मोबाइल खाली घेतला. मोठे सर हसले. "मॅडम जरा तणावात आहेत. आजी समोर आहेत ना. आजींनाच विचारा."

साहेब माझ्याकडं वळले. "आजी, ही भिंत मातीची आहे का?"

आता काय सांगू. एवढे दिवस झाले, मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मी तिला वाचवायला बोलली. ते अर्धं खरं आहे. अर्धं असं, की वीस वर्षं मिस्तरीनं विचारलं तरी हो, शेठनं विचारलं तरी हो, पाय सोलला तरी काम जमेल का, हो जमेल. साहेब विचारतो तेव्हा माझं तोंड आधी हो म्हणतं अन् डोकं मागून येतं.

"हो साहेब. मातीचीच आहे."

"कोणी लिंपली?"

"मी लिंपली साहेब."

पिंपळनेरकडच्या मुलीनं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. शेजारणीनं तिचा टी-शर्ट मागून ओढला. तिच्या पण पुढं परीक्षा होती.

खुर्चीपासून भिंत चार पावलांवर होती. तिघांतलं कोणी उठलं नाही. नखानं खरवडून पाहायचं होतं फक्त. त्या तपासणीच्या बाईनं मात्र भिंतीकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटतं, तिला कळलं होतं. कळूनही ती उठली नाही.

मग माझा सत्कार झाला. शाल अन् नारळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या, हळू हळू. फोटोवाला म्हणाला, आजी, भिंतीवर हात ठेवा. मी ठेवला.

मॅडम पर्स घेऊन निघाली तेव्हा माझ्यासमोरून गेली. थांबली. रागानं पण नाही, असं दमल्यासारखं म्हणाली, "आक्का, तुम्ही बी?"

एवढंच. अन् गेली.

मी फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत होती तर ती पिंपळनेरची मुलगी धावत आली. "आजी, तुम्ही असं कसं म्हटलं?"

"मला वाटलं, मॅडम वाचेल."

"मॅडम कुठं वाचल्या? सर वाचले."

तेव्हा मला कळलं. हातात नारळ होता. तो मी तिथंच गाईंपुढं ठेवला. त्यांनी हुंगून सोडून दिला.

त्या जूनमध्ये मॅडमला नवा कागद मिळाला नाही. शिवाय जाताना जो दाखला दिला त्यावर शेरा लिहिला, वर्तन बेशिस्त, पाहुण्यांसमोर खोटं बोलून संस्थेची बदनामी केली. हे मला त्या मुलीनंच येऊन सांगितलं. मी एसटीनं धुळ्याला गेली. देवपुरात राहते एवढं मला ठाऊक होतं. दोन गल्ल्या विचारत फिरली, मग घर सापडलं. दारात तिची आई आली.

"कोन शे?"

"जयगावनी शे मी. पोरीनासंगे कॉलेजमा व्हतू."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "भिंतवाली आक्का?"

"हा."

आत गेली अन् पाणी घेऊन आली. "पानी प्या. ती घरमा नही. मुलाखतले गयी शे नाशिकले. तिसरी मुलाखत शे. बठ्ठा जन कागद दखतस अन् म्हंतस, सांगसूत. मंग कोनी सांगत नही." म्हणजे सगळे दाखला पाहतात, सांगतो म्हणतात, मग कोणी कळवत नाही.

मी म्हटलं, मी तिच्यासाठीच तसं बोलली, तिचं भलं व्हावं म्हणून. ती माऊली शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तिनी खरं सांगं. तुम्हीन खोटं सांगं. अन् शाल तुम्हले." तिनं तांब्या घेतला. दार लावलं नाही, पण आत पण बोलावलं नाही. मी तशीच ओट्यावर थोडा वेळ बसून निघाली. पुढच्या चौकात उसाच्या रसाच्या गाड्याजवळच्या बाकावर जाऊन बसली. रसवाला म्हणाला, माय, तब्येत बरी शे ना? मी म्हटलं, हो.

घरी येऊन मी एका कागदावर लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, एका पानावर चार ओळी मावतात. भिंत प्लास्टिकची होती. मी खोटं बोलली. मॅडम खरं बोलली. खाली सही. तो कागद घेऊन मोठ्या सरांकडं गेली. त्यांनी वाचला, नीट घडी करून खणात ठेवला.

"आजी, आता अहवाल गेला. फार चांगला आलाय. कशाला जुनं उकरता?"

"तिच्या दाखल्यावरचा शेरा तेवढा काढा साहेब."

"चहा घ्या," ते म्हणाले.

चहा मी घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा साहेबानं दिलेलं परत केलं, तर त्याचा काही उपयोग नव्हता.

विषय चालू आहे. नवीन सर आलेत शिकवायला. परवा काढू म्हटलेली भिंत अजून तिथंच आहे, शिपाई ती ओल्या फडक्यानं पुसतो. एसीच्या खाली कागदाला फुगे आलेत म्हणे. यंदा पण त्यांनी मला न्यायला गाडी पाठवली होती, नव्या पोरांशी बोला म्हणून. मी ड्रायव्हरला दारातूनच सांगितलं, भाऊ, परत जा. तो म्हणाला, काय सांगू आजी, बरं नाही म्हणू? मी म्हटलं, नाही. सांग, म्हातारी खोटं बोलते, तिच्याकडून पोरांना शिकवून घेऊ नका.

पिंपळनेरच्या मुलीचं शिक्षण झालं. ती फोन करते. मॅडमचं नाशिकचं काम पण झालं नाही म्हणाली. मॅडम आता घरी शिकवण्या घेते, चौथी-पाचवीच्या पोरांच्या. मी फोनवर तिच्याशी बोलू का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, नको आजी.

म्हणून हे लिहिलं. माफी मागायला नाही, ती मागायला मी तिच्या दारात जाऊन आली. वाचणाऱ्याकडं माझं एकच मागणं आहे. तुमचं कॉलेज असेल, ऑफिस असेल, घरं सजवायचा धंदा असेल, कुठलं का असेना. धुळ्याची एक मुलगी तुमच्याकडं काम मागायला येईल. तिच्या दाखल्यावर जळगावच्या एका कॉलेजचा तो शेरा असेल. तो वाचून तिला, मग सांगतो, असं म्हणून परत पाठवू नका. समोर बसवा, त्या दिवशी काय झालं ते तिलाच विचारा. ती सांगेल ते खरं आहे. तिला कामावर घ्या.